‘चालतंय ना?’ हे उत्तर नव्हे

भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही मशिनशॉपमध्ये जा, नाहीतर चाकणजवळच्या खालुंब्र्यातल्या एखाद्या प्रेसशॉपमध्ये. डिस्पॅचच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवून विचारा, ‘यातलं सॉफ्टवेअर शेवटचं कधी अपडेट केलं?’ उत्तर ठरलेलं असतं : ‘अहो, चालतंय ना? मग राहू द्या.’ हे उत्तर देणारी माणसं आळशी नाहीत, अडाणी तर मुळीच नाहीत. मायक्रॉनमध्ये माप धरणारी आणि रात्री-बेरात्री टेम्पो भरून देणारी ही माणसं आहेत. म्हणूनच त्यांचं मत हसण्यावारी न नेता त्याचा नीट प्रतिवाद करायला हवा. चऱ्होलीत राहून या पट्ट्यातल्या लहान कारखान्यांची सॉफ्टवेअरं सांभाळणं हे माझं काम आहे. त्या कामावरून मी ठामपणे सांगतो की ‘चालू सिस्टिमला हात लावू नका’ या सल्ल्याइतका महागात पडणारा सल्ला आज या पट्ट्यात दुसरा नाही.

आधी त्यांची बाजू पूर्ण मांडतो, कारण ती पोकळ नाही. चाकणच्या वाहन कंपन्या सुट्या भागांचे ढीग लावून ठेवत नाहीत. ठरलेल्या वेळी टेम्पो गेटवर लागला पाहिजे. त्याआधी कस्टमरच्या पोर्टलवर एएसएन म्हणजे माल निघाल्याची आगाऊ सूचना गेलेली असली पाहिजे, इन्व्हॉइसवर आयआरएन हा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड असला पाहिजे, ई-वे बिल निघालेलं असलं पाहिजे आणि प्रत्येक ट्रॉलीवर कस्टमरने ठरवून दिलेल्या नमुन्याचं बारकोड लेबल लागलेलं असलं पाहिजे. यातलं एक जरी राहिलं तरी गाडी बाहेर उभी राहते. त्यापायी लाइन थांबली तर डेबिट नोट येते, वेंडर रेटिंग घसरतं, आणि पुढच्या पार्टचं कोटेशन मागवताना आपलं नाव यादीतून गळतं. चऱ्होली, मोशी, दिघी, मरकळच्या कितीतरी घरांची चूल या डिस्पॅचवर अवलंबून आहे. काम थांबलं की कंत्राटी कामगाराचा त्या दिवसाचा रोज बुडतो. इतकं पणाला लागलेलं असताना ‘उगाच कशाला छेडायचं’ असं वाटणं स्वाभाविक आहे.

शिवाय त्यांच्या बाजूने ताजा पुरावाही आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पाडले. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्याआधी २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा हल्ला झाला आणि न्हावाशेवाला जेएनपीटीमधल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचं कामकाज कोलमडलं. आपल्या पट्ट्यातला निर्यातीचा माल त्याच बंदरातून जातो. तो हल्ला सुरू झाला होता युक्रेनमधल्या एका करविषयक सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तेव्हा ‘अपडेट म्हणजे संकट’ असं म्हणणाऱ्याला वेड्यात काढता येणार नाही.

तरीही हे मत चुकीचं आहे. का, ते एका डिस्पॅचच्या टेबलावर बघू. कारखान्याचं नाव महत्त्वाचं नाही, कारण हा प्रकार या पट्ट्यात नेहमीचाच आहे.

एका मशिनशॉपमध्ये लेबल छापणारा एक जुना प्रोग्राम होता. तो जावा ८ वर बेतलेला. बिलिंगमधून निघालेली एक्सएमएल फाइल वाचायची आणि त्यातून लेबल काढायचं, एवढंच त्याचं काम. ते काम तो वर्षानुवर्षं बिनतक्रार करत होता. त्याच कॉम्प्युटरवर डिजिटल सहीसाठी नवी युटिलिटी टाकायची वेळ आली. तिला नवं जावा हवं होतं. इन्स्टॉलरने नवं जावा टाकलं आणि सिस्टिमच्या पाथमध्ये आपलं फोल्डर सगळ्यांत पुढे नेऊन ठेवलं. सही व्हायला लागली आणि सगळे घरी गेले. दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला लेबलं निघेनात. स्क्रीनवर ‘क्लास सापडला नाही’ असा इंग्रजी मजकूर. प्रिंटर तपासला, केबल बदलली, रिबन बदलून पाहिली. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय आणि कस्टमरच्या स्टोअरमधून फोनवर फोन.

कारण अगदी साधं होतं. लेबलचा प्रोग्राम ज्या बॅच फाइलमधून सुरू व्हायचा, तिच्यात नुसतं ‘जावा’ एवढंच लिहिलेलं होतं. कुठलं जावा, कुठल्या फोल्डरमधलं, याचा पत्ताच नव्हता. पाथ म्हणजे फोल्डरांची क्रमवार यादी. विंडोज त्या यादीत वरून खाली शोधत जातं आणि पहिलं जे सापडेल ते उचलतं. काल पहिलं सापडायचं ते जावा ८. आज पहिलं सापडलं ते नवं. एक्सएमएल हाताळणारा जो भाग या प्रोग्रामला लागायचा, तो जावामध्ये आयताच मिळत असे. २०१८ साली आलेल्या जावा ११ मधून तो काढून टाकलेला आहे. कमांडच्या खिडकीत ‘व्हेअर जावा’ एवढं टाइप केलं असतं तर दोन्ही पत्ते एकाखाली एक दिसले असते. बॅच फाइलमध्ये जुन्या जावाचा पूर्ण पत्ता लिहिला आणि लेबलं निघायला लागली. दुरुस्ती एका ओळीची होती, पण शोधण्यात अख्खी सकाळ गेली.

त्या दिवशी कारखान्याने धडा काय घेतला? ‘बघा, अपडेट केलं म्हणून बंद पडलं. आता कुणीही हात लावायचा नाही.’ माझा आक्षेप नेमका इथे आहे. बिघाडाचं निदान चुकलं, त्यामुळे औषधही चुकलं. नवं जावा येणारच होतं. सही केल्याशिवाय कारखाना चालणार नव्हता. दोष होता तो दोन वेगळ्या प्रोग्रामांनी एकाच बिनपत्त्याच्या ‘जावा’वर विसंबून राहण्यात, आणि तसं ते विसंबून आहेत हे कुठेही लिहून न ठेवण्यात. हात लावायचा नाही असं ठरवून ही दुखणी बरी होत नाहीत. ती पुढच्या बदलापर्यंत दबा धरून बसतात.

आणि पुढचा बदल आपल्या हातात नसतो. ‘आम्ही काही बदलत नाही’ म्हणणाऱ्यांचा मोठा गैरसमज हाच की बदलायचं की नाही हे ते ठरवतात. ई-इन्व्हॉइसचंच बघा. १ ऑक्टोबर २०२० रोजी ते सुरू झालं तेव्हा मर्यादा ५०० कोटींच्या उलाढालीची होती. भोसरीच्या शेडमधल्या माणसाला वाटलं, हे मोठ्यांचं काम. मग मर्यादा १०० कोटींवर आली, ५० वर आली, २० वर आली, १० वर आली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर. तीन वर्षांच्या आत सरकारचा सर्व्हर आणि लहान मशिनशॉपचा बिलिंग प्रोग्राम एकमेकांना जोडले गेले. पुढे ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर दुहेरी ओळखतपासणीही सक्तीची झाली. तिकडे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-सुधारणा थांबल्या. सॅपच्या जुन्या ईसीसी ६.० ची नियमित देखभाल २०२७ अखेर संपते आहे. म्हणजे जे कस्टमर तिच्यावर आहेत ते नव्या आवृत्तीवर जाणार आणि एएसएनचे, लेबलचे साचे पुन्हा बदलण्याची शक्यता आहे. यातल्या एकाही बदलासाठी कुणी आपली परवानगी मागितलेली नाही. हात न लावण्याचं धोरण अशा जगात फक्त एवढंच करतं की बदल आपल्या सोयीच्या रविवारी न होता कस्टमरच्या गर्दीच्या सोमवारी होतो.

अवलंबित्वाची ही वाट किती लांबवर जाते हे समजून घेणं गरजेचं आहे, कारण खरी मेख तिथेच आहे. समजा, कारखान्यात पार्टची मापं तपासणारं एक जुनं सीएमएम मशीन आहे. त्याचं इंटरफेस कार्ड ज्या कॉम्प्युटरमध्ये बसवलंय, त्याचा ड्रायव्हर ३२ बिटचा. त्याच कॉम्प्युटरवरून इन्स्पेक्शन रिपोर्ट कस्टमरच्या पोर्टलवर चढवले जातात. पोर्टलवाल्यांनी जुने ब्राउझर बंद केले. नव्या ब्राउझरला नवं विंडोज हवं. विंडोज ११ मुळात ६४ बिटमध्येच येतं आणि ६४ बिटच्या विंडोजमध्ये ३२ बिटचा ड्रायव्हर चढतच नाही. म्हणजे पोर्टलच्या एका निर्णयाने लाखो रुपयांचं मोजमाप यंत्र अडचणीत आलं. पोर्टल, ब्राउझर, ऑपरेटिंग सिस्टिम, ड्रायव्हर, कार्ड अशी पाच कड्यांची साखळी तयार झाली, आणि तिची पहिली कडी ओढणाऱ्याला शेवटच्या कडीची कल्पनाही नाही. ही साखळी आधी कागदावर काढलेली असेल तर उपाय सोपा आहे : सीएमएमचा कॉम्प्युटर नेटवर्कपासून वेगळा करा, रिपोर्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवरून चढवा. ती काढलेली नसेल तर ऐन ऑडिटच्या तोंडावर दोन्ही कामं अडतात.

आता ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्यांच्या पुराव्याकडे येतो. क्राउडस्ट्राइकने पुढे स्वतःच कारण जाहीर केलं. नव्या साच्यात २१ रकाने गृहीत धरलेले होते आणि कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम देत होता २०. दोन भागांनी एकमेकांबद्दल धरलेली गृहीतकं जुळली नाहीत, आणि ती फाइल टप्प्याटप्प्याने न जाता एकदमच सगळीकडे गेली. यातून निघणारा धडा ‘अपडेट करू नका’ असा होत नाही. आधी थोड्या मशीनांवर करा, जुळतंय का पाहा, मग पुढे जा, असा तो आहे. त्या घटनेनंतर अशा फाइली कधी आणि कुठल्या मशीनवर घ्यायच्या याचं नियंत्रण कंपनीने ग्राहकांच्या हाती दिलं, ते याचसाठी. नॉटपेट्याचंही तसंच. तो शिरला अपडेटच्या वाटेने हे खरं. पण आत शिरल्यावर तो ज्या भगदाडांतून पसरला, त्यातल्या एका मोठ्या भगदाडावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिलेली होती. ती बसवली असती तरी चोरलेल्या पासवर्डांच्या जोरावर तो काही ठिकाणी शिरलाच असता, हेही मान्य करतो. पण त्याच भगदाडातून शिरलेल्या वॉनाक्राय हल्ल्याने जून २०१७ मध्ये होंडाचा जपानमधला सायामा कारखाना एक दिवस बंद ठेवायला लावला. दुरुस्ती उपलब्ध होऊन तेव्हा तीन महिने उलटले होते. ‘राहू द्या’ म्हणण्याची ती किंमत होती.

वाहन उद्योगातलीच आणखी दोन उदाहरणं देतो, कारण ती आपल्या गेटपर्यंत येऊन भिडतात. १ मार्च २०२२ रोजी टोयोटाने जपानमधल्या आपल्या १४ कारखान्यांतल्या २८ लाइन बंद ठेवल्या. हल्ला टोयोटावर झालेला नव्हता. कोजिमा इंडस्ट्रीज या प्लास्टिकचे भाग पुरवणाऱ्या एका वेंडरच्या कॉम्प्युटरवर तो झाला होता. एका दिवसात सुमारे १३,००० गाड्यांचं उत्पादन हुकलं. आपल्याकडचा वेंडर म्हणतो, ‘आमच्यासारख्या लहानांकडे कोण कशाला येतंय?’ त्याला कोजिमाचं उदाहरण पुरेसं आहे. पुढच्याच वर्षी, २९ ऑगस्ट २०२३ रोजी, टोयोटाचे तेच १४ कारखाने पुन्हा थांबले. या वेळी हल्ला वगैरे काही नव्हता. २७ तारखेच्या देखभालीत डेटाबेस आवरताना डिस्कवर जागा पुरली नाही आणि सुट्या भागांच्या ऑर्डरी देणारी यंत्रणा अडली. पर्यायी सर्व्हर होता, पण तोही त्याच व्यवस्थेवर चालत असल्याने तोही अडला. ‘बघा, देखभाल केली म्हणून थांबलं’ असं यावरही कुणी म्हणेल. मी म्हणतो, मुख्य आणि पर्यायी दोघेही एकाच खुंटीला टांगलेले आहेत, हे देखभालीआधी कुणी वाचलंच नाही म्हणून थांबलं.

‘हात लावू नका’ म्हणणारे एका टोकाला आहेत, तर दुसऱ्या टोकाला आहेत आयटीवाले सल्लागार. त्यांचं म्हणणं, ‘सगळीकडे एकच व्हर्जन ठेवा, सगळ्या प्रोग्रामांना एकच सामायिक फोल्डर द्या, अपग्रेड एकदमच करून टाका.’ कागदावर हे देखणं दिसतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा होतो की सगळ्यांत मागासलेला प्रोग्राम जोपर्यंत तयार होत नाही तोपर्यंत कुणालाच पुढे जाता येत नाही. पायथन भाषेची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली. दुसरीचा आधार अधिकृतपणे संपला १ जानेवारी २०२० रोजी. मधली अकरा वर्षं जगभरातल्या प्रोग्रामरांनी दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी नांदवल्या, कारण सगळ्यांनी एकाच दिवशी उडी मारणं शक्यच नव्हतं. जे जगाला जमलं नाही ते चार प्रोग्राम आणि एक अर्धवेळ टेक्निशियन असलेल्या कारखान्याला एका रविवारी जमेल, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

तिसरं मत आजकाल फार ऐकू येतं : ‘प्रत्येक प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासकट वेगळ्या डब्यात बंद करा, म्हणजे कुणाचा कुणाला त्रास नाही.’ यातला पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. दुसरा अर्धा धोकादायक आहे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या एका लहानशा घटकात अतिगंभीर दोष सापडला. गुगलच्या अभ्यासकांनी तेव्हा मोजदाद केली तर ३५,००० हून जास्त जावा पॅकेजांना त्याची झळ पोचत होती, आणि त्यांतल्या ८० टक्क्यांहून अधिक पॅकेजांत हा घटक थेट घेतलेला नव्हता. दुसऱ्याने तिसऱ्याकडून घेतलेला, अशा आडवाटेने तो आत आलेला होता. तीन आठवड्यांच्या आत एकामागोमाग एक चार सुधारित आवृत्त्या निघाल्या. त्या दिवसांत हाल झाले ते ज्यांना आपल्या बंद डब्यांत काय आहे हेच माहीत नव्हतं त्यांचे. डबे वेगळे होते, पण वर चिठ्ठी नव्हती.

म्हणून माझं म्हणणं दोन भागांचं आहे आणि एक भाग सोडून दुसरा कामाचा नाही. प्रत्येक प्रोग्रामला त्याला लागणारं सामान त्याच्या स्वतःच्या पत्त्यावर द्या. आणि त्या प्रत्येक पत्त्याची लेखी नोंद ठेवा. वेगळेपणा नसेल तर एकाच्या अपग्रेडने दुसरा पडतो. नोंद नसेल तर दोष कुठे लपलाय ते कळत नाही.

आणि हे आपल्याला नवीन शिकायचं आहे का? चाकणला पुरवठा करणाऱ्या ज्या कारखान्याकडे आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगातल्या गुणवत्ता-मानकाचं प्रमाणपत्र आहे, त्याच्या क्वालिटी विभागात जाऊन बघा. ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली की ईसीएन म्हणजे बदलाची सूचना येते. तो बदल दहा कामाच्या दिवसांत तपासला जावा अशी त्या मानकाची अपेक्षा आहे. कुठल्या पार्टवर परिणाम होतो, कुठलं फिक्स्चर बदलावं लागेल, कंट्रोल प्लॅनमध्ये काय दुरुस्ती, पार्टच्या मंजुरीचं पीपीएपी पुन्हा द्यावं लागेल का, हे सगळं कागदावर येतं. जुन्या ड्रॉइंगवर ‘ऑब्सोलीट’ असा शिक्का बसतो. शॉपफ्लोअरवर जुनी प्रत सापडली तर ऑडिटर एनसी म्हणजे त्रुटीचा शेरा देतो. बीओएममध्ये, म्हणजे भागांच्या यादीत, एकेक वॉशर लिहिलेला असतो. आणि ज्या कॉम्प्युटरवरून हे सगळे कागद निघतात, त्याच्यात कुठलं जावा आहे, कुठला डेटाबेस ड्रायव्हर आहे, डिजिटल टोकनचा कुठला ड्रायव्हर आहे, हे कुणालाही सांगता येत नाही. लोखंडाला लावलेली शिस्त सॉफ्टवेअरला लावायची, एवढीच माझी मागणी आहे.

गंमत म्हणून सांगत नाही. आपण ज्यांचे भाग बनवतो, तशा गाड्यांना ही शिस्त युरोपात आता कायद्याने लागू झाली आहे. संयुक्त राष्ट्रांचा आर-१५६ हा नियम वाहनांच्या सॉफ्टवेअर अपडेटविषयी आहे. युरोपात जुलै २०२४ पासून तो सगळ्या नव्या गाड्यांना लागू आहे. अपडेट होणारी यंत्रणा गाडीतल्या दुसऱ्या कुठल्या यंत्रणांवर अवलंबून आहे हे ओळखण्याची पद्धत कंपनीकडे असलीच पाहिजे, आणि ते अपडेट त्या गाडीच्या रचनेशी जुळतं हे आधीच तपासलं पाहिजे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. त्याच धर्तीवर आपल्याकडे एआयएस-१९० हे मानक तयार झालं. ही मानकं तयार करणाऱ्या समितीचं सचिवालय सांभाळणारी एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था आपल्या पुण्यातच आहे, चाकणलाही तिचं केंद्र आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी कशी ठेवावी याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीच्या सॉफ्टवेअरला जी नोंद सक्तीची, ती त्या गाडीच्या सुट्या भागांचं लेबल काढणाऱ्या कॉम्प्युटरला जड का वाटावी?

‘पण हे करणार कोण? आमच्याकडे आयटीचा माणूस नाही,’ हा शेवटचा आणि सगळ्यांत प्रामाणिक आक्षेप. त्याचं उत्तर असं की पहिल्या टप्प्याला आयटीचा माणूस लागतच नाही. जो इंजिनियर ड्रॉइंगच्या रिव्हिजनचं रजिस्टर ठेवतो, त्यालाच एक तक्ता द्या. प्रत्येक कॉम्प्युटरवर कुठले प्रोग्राम आहेत; प्रत्येक प्रोग्रामला कुठलं रनटाइम, कुठली आवृत्ती, कुठला ड्रायव्हर, कुठलं डोंगल लागतं; ते कुठल्या फोल्डरमधून उचललं जातं, पूर्ण पत्त्यासह; आणि बिघडलं तर फोन कुणाला करायचा. बहुतेक लहान कारखान्यांत हा तक्ता एका कागदात मावेल.

दुसरा टप्पा टेक्निशियनचा. सिस्टिमच्या सामायिक पाथवर विसंबून राहणं थांबवायचं. बॅच फाइलमध्ये पूर्ण पत्ता लिहायचा. प्रोग्रामला लागणारी डीएलएल शक्य तिथे त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवायची. विंडोज साधारणपणे आधी तेच फोल्डर बघतं, मग सिस्टिमची फोल्डरं आणि सगळ्यांत शेवटी पाथ. अपग्रेड करताना नवी आवृत्ती जुनीच्या जागी न टाकता शेजारी टाकायची. मग तक्ता पुढ्यात घेऊन एकेक प्रोग्राम नव्यावर न्यायचा. ज्याच्यावर दुसरं काहीच अवलंबून नाही तो पहिला. ज्याच्यावर सगळे अवलंबून तो शेवटी. प्रत्येक वेळी खरं लेबल छापून खऱ्या स्कॅनरने वाचून बघायचं. स्क्रीनवर दिसलं म्हणजे झालं असं मानायचं नाही. शेवटचा प्रोग्राम हलल्यावरच जुनी आवृत्ती काढायची. हे सगळं आधी डिस्कची प्रत काढून एका जादा कॉम्प्युटरवर करून पाहायचं, आणि मागे कसं फिरायचं तेही त्याच दिवशी करून पाहायचं. जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी त्याचा हा उपयोग होतो.

एखादी गोष्ट खरोखरच अपग्रेड होत नसेल, जसं ते सीएमएम, तर तिला जुनीच ठेवा; माझी त्याला हरकत नाही. पण ती नेटवर्कपासून तोडा, का जुनी ठेवली ते तक्त्यात लिहा आणि पुन्हा विचार कधी करायचा ती तारीख घाला. विचार करून थांबणं आणि भीतीने थांबणं यांत फरक असतो, आणि तो फरक कागदावर दिसला पाहिजे.

जबाबदारी एकट्या वेंडरवर टाकणंही न्यायाचं होणार नाही. वाहन कंपन्या पोर्टल बदलताना आज एक मेल टाकतात आणि मोकळ्या होतात. ड्रॉइंगच्या बदलाला जशी मुदत देता, तशी पोर्टलच्या आणि लेबलच्या बदलालाही द्या, सरावासाठी चाचणीचं पोर्टल खुलं ठेवा. मराठा चेंबर आणि पिंपरी-चिंचवडच्या लघुउद्योजकांच्या संघटनांनी सभासदांसाठी चाचणीची एक सामायिक जागा उभारावी. एका कारखान्याने शोधलेला दोष दुसऱ्याला तिथे आयता कळेल. आयएटीएफच्या आकस्मिक योजनेत सायबर हल्ल्याचा विचार करावा लागतोच. ऑडिटरांनी त्या फाइलवरची सही पाहून न थांबता अवलंबित्वाचा तक्ता मागावा.

सॉफ्टवेअर पुरवठादारांकडून तर हे हक्काने मागितलं पाहिजे. ग्राहकाच्या कॉम्प्युटरचा सामायिक पाथ परस्पर बदलणारा इन्स्टॉलर देणं हा निष्काळजीपणा आहे, आणि आपण तो आजवर मुकाट्याने सोसला. कच्च्या मालाच्या प्रत्येक लॉटसोबत आपण टेस्ट सर्टिफिकेट घेतो. ते नसेल तर स्टोअर माल आत घेत नाही. यापुढे सॉफ्टवेअरच्या पर्चेस ऑर्डरवरही एक अट घाला : प्रोग्रामला लागणाऱ्या प्रत्येक घटकाचं नाव, आवृत्ती आणि पत्ता यांची यादी सोबत हवी, आणि प्रत्येक अपडेटबरोबर ती नव्याने हवी. ज्या पुरवठादाराने यादी दिली नाही, त्याचं बिल पास करू नका.